जेधे मॅन्शन ते बारामती

१९५४ साली केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले. सात वर्षांपूर्वी ज्या पक्षाची त्यांनी स्थापना केली होती, तो शेतकरी कामगार पक्ष मागे राहिला. काँग्रेसवाल्यांनी ‘स्वगृही परतले’ म्हणून स्वागत केले. शेकापच्या कार्यकर्त्यांना मात्र आपण उघड्यावर पडल्यासारखे वाटले. त्या वेळी केशवराव अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि त्यांचे हे तिसरे राजकीय स्थित्यंतर होते. ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेस, काँग्रेसमधून शेकाप आणि शेकापमधून पुन्हा काँग्रेस. एवढे करूनही ते कधी मंत्री झाले नाहीत.

आज पक्षांतर म्हटले की मंत्रिपद, तिकीट, चौकशीची भीती एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या मापाने केशवरावांना मोजायला गेलो तर हाती काहीच लागत नाही. त्यांनी पक्ष बदलले त्या प्रत्येक वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी समाजाचे पाऊल कुठे पडणार हा प्रश्न पणाला लागलेला होता. म्हणूनच त्यांचा प्रवास सुरुवातीपासून पाहायला हवा. महाराष्ट्रात काँग्रेस खेड्यात कशी शिरली, तिला विरोध करणारा खेड्यातला पक्ष कसा उभा राहिला आणि तो ओसरत का गेला, या तिन्ही गोष्टी या एका माणसाच्या चरित्रात एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

केशवरावांचा जन्म १८९६ चा, पुण्याचा. शिवकाळातल्या कान्होजी जेध्यांशी नाते सांगणारे हे घराणे पुण्यात तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या धंद्यात स्थिरावले होते. शुक्रवार पेठेतली त्यांची वास्तू ‘जेधे मॅन्शन’ म्हणून ओळखली जाई. थोरले बंधू बाबुराव शाहू छत्रपतींच्या निकटच्या वर्तुळातले. त्यामुळे सत्यशोधक विचार केशवरावांना घरातच मिळाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला होता, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मुळे पुण्यापेक्षा जिल्ह्यांतल्या खेड्यांत आणि कोल्हापूर संस्थानात अधिक खोल गेली होती. शहराच्या सार्वजनिक जीवनावर टिळकांच्या अनुयायांची पकड होती. गणेशोत्सव त्यांचा, वर्तमानपत्रे त्यांची, नगरपालिकाही त्यांचीच.

१९२० साली टिळक गेले, १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. दोन्ही बाजूंचे वडीलधारे असे एकापाठोपाठ निघून गेल्यावर तरुणांची एक नवी पिढी पुढे आली. केशवराव त्यांच्यापैकी एक, दिनकरराव जवळकर दुसरे. जेधे पैशाने आणि घराने भक्कम, जवळकर लेखणीने आणि जिभेने जहाल. या जोडीने गणेशोत्सवात छत्रपती मेळा काढला. टिळकपक्षाच्या सन्मित्र मेळ्याने ज्या रस्त्यांवरून वाजत गाजत जायचे त्याच रस्त्यांवरून हा मेळा शिवाजीचे आणि फुल्यांचे नाव घेत, भटशाहीवर कोरडे ओढत जाऊ लागला. पदांतून पदांना उत्तरे जात, कधी हाणामारीही होई. बहुजन समाजातली कारागीर, भाजीवाले, तालमीतली पोरे पहिल्यांदाच स्वतःचा आवाज घेऊन पुण्याच्या मध्यवस्तीत उतरली होती. पुढे जी माणसे सभेला, मोर्चाला, तुरुंगात गेली, त्यांची पहिली तालीम या मेळ्यात झाली.

१९२५ मध्ये केशवराव पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. आज वाचताना हे साधे वाटेल. त्या काळी त्यावरून शहर पेटले. त्याच वर्षी जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक आले. त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय कडवट हल्ला होता. प्रकाशक होते केशवराव. बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावल्या. अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा वकिलीत नुकतीच सुरुवात केलेले. आरोपी सुटले.

पण केशवरावांच्या त्या काळातल्या राजकारणाला एक मर्यादा होती आणि ती बाबासाहेबांनीच दाखवून दिली. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, अट अशी की चळवळीत ब्राह्मण नकोत. आंबेडकरांनी ती अट फेटाळली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या प्रत्येक माणसाला नाही, ही त्यांची भूमिका स्वच्छ होती. त्या दिवसांत जेध्यांचे राजकारण शत्रूच्या जातीवर उभे होते. पुढे हाच माणूस एका ब्राह्मण वकिलाच्या हातात हात घालून काँग्रेसमध्ये जाणार होता, आणि ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत फलदायी पाऊल ठरणार होते.

ते पाऊल का पडले, हे समजण्यासाठी ब्राह्मणेतर पक्षाची अवस्था पाहावी लागते. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. त्या जागांवर जमीनदार, वकील, सरदार, संस्थानिकांचे मित्र निवडून जात. भास्करराव जाधवांसारखे व्यासंगी सत्यशोधक मंत्री झाले. शिक्षणात, नोकऱ्यांत काही दारे उघडली. पण सत्तेचा हा वाटा इंग्रज सरकारच्या मर्जीवर मिळत होता आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे सारा वसूल करणारा तलाठी, जंगलात जनावर शिरले म्हणून दंड करणारा गार्ड आणि जप्तीची नोटीस. १९२८ मध्ये जमिनीच्या लहान तुकड्यांसंबंधीचे विधेयक आले. छोट्या शेतकऱ्याची जमीन जाईल या भयाने सगळा दख्खन अस्वस्थ झाला. पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या अध्यक्षतेखाली मोठी शेतकरी परिषद भरली. त्याच वर्षी गुजरातेत बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सरकारला सारावाढ मागे घ्यायला लावली. सरकारशी जुळवून घेऊन शेतकऱ्याचे भले होणार नाही, हे केशवरावांना तेव्हा दिसू लागले असावे. जवळकर विलायतेला जाऊन आले ते साम्यवादाकडे वळूनच. १९३२ मध्ये ते अकाली गेले. जोडी फुटली, पण दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. जातीच्या अपमानावर उभी राहिलेली चळवळ शेतकऱ्याच्या पोटाच्या प्रश्नापर्यंत पोचल्याशिवाय पुढे जाणार नव्हती.

१९३० साली गांधीजींनी मीठ उचलले. महाराष्ट्रात समुद्र लांब असलेल्या गावांनी जंगल सत्याग्रह केला. सातारा जिल्ह्यातल्या बिळाशीसारखी गावे या लढ्यात होरपळली. हे लढणारे कोण होते? बहुतांश तेच कुणबी-मराठे, तेच धनगर-माळी, ज्यांच्या वतीने ब्राह्मणेतर पक्ष बोलत होता. लोक लढ्यात आणि पुढारी बाहेर, ही स्थिती केशवरावांना सहन झाली नाही. ते कायदेभंगात उतरले आणि तुरुंगात गेले. काकासाहेब गाडगीळ हे काँग्रेसमधले तरुण ब्राह्मण वकील, टिळकपक्षाच्या जुन्या अहंकारापासून दूर असलेले. गाडगीळ आणि जेधे यांची मैत्री ही महाराष्ट्राच्या राजकारणातली एक मोठी घटना मानली जाते, आणि ते योग्यच आहे. मेळ्यांच्या मारामाऱ्यांना दहा वर्षेही झाली नव्हती. त्या पुण्यात एक ब्राह्मण आणि एक ब्राह्मणेतर पुढारी एकाच व्यासपीठावरून, एकाच झेंड्याखाली बोलू लागले.

या पहिल्या पक्षांतरात केशवराव एकटे गेले नाहीत. त्यांच्यामागे चळवळीचा तरुण भाग गेला आणि उरलेला ब्राह्मणेतर पक्ष सरकारधार्जिण्या वडीलधाऱ्यांपुरता राहिला. तीसच्या दशकाच्या अखेरीस तो जवळपास विझला. महाराष्ट्रातली काँग्रेस शहरी आणि पांढरपेशी होती, ती गावोगाव गेली. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन भरले. काँग्रेसचे खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. महाराष्ट्रातल्या काँग्रेसने खेड्याचा मान उचलण्याइतकी ताकद मिळवली होती, याची ती साक्ष होती आणि त्या ताकदीत जेध्यांचा वाटा मोठा होता. त्याच दशकात ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. फुल्यांचा पुतळा मागणारा माणूस टिळकांच्या पुण्यात काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसला, हा बदल दहा-बारा वर्षांत झाला.

मात्र त्याची किंमत मोजली गेली आणि ती बहुतेक चरित्रे हळूच ओलांडून जातात. सत्यशोधक विचारात पुरोहितशाहीवर, स्त्रियांच्या गुलामीवर, अस्पृश्यतेवर घाव होता. काँग्रेसमध्ये जाताना या कार्यक्रमाबद्दल कसलीच अट घातली गेल्याचे दिसत नाही. शेतकरी समाजाला मान मिळाला, पदे मिळाली. फुल्यांचा जातिभेदावरचा हल्ला मात्र बाजूला पडला आणि तो पुढे नेण्याचे काम एकट्या आंबेडकरांच्या चळवळीवर आले. मराठा शेतकरी आणि दलित शेतमजूर यांच्या वाटा इथून जास्त स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. माझ्या मते १९३० च्या निर्णयाने महाराष्ट्राला जितके दिले तितकीच ही एक जागा रिकामी ठेवली, आणि पुढे शेकापनेही ती भरून काढली नाही.

बेचाळीसच्या आंदोलनात सातारा जिल्ह्याने प्रतिसरकार उभे केले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लढ्यात गावगाड्यातली पोरे भूमिगत झाली, न्यायनिवाडे केले, सरकारी खजिने लुटले. तिथून परत आलेल्या कार्यकर्त्यांच्या मनात स्वराज्याचे चित्र अगदी ठसठशीत होते. स्वराज्य म्हणजे कुळाला जमीन, सावकारापासून सुटका, आपल्यातला माणूस कचेरीत.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ पुन्हा सत्तेवर आले आणि या चित्राला तडा गेला. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. प्रांतिक काँग्रेसची सूत्रे शंकरराव देवांसारख्या पुण्याच्या पुढाऱ्यांच्या हाती होती. युद्धकाळातले नियंत्रण चालूच राहिले. शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारी भावाने धान्य नेणारी लेव्ही तशीच होती. गावकऱ्याला घरात खायला ठेवून उरलेले द्यायचे, पण किती उरले हे ठरवणार कोण, तर सरकारी अधिकारी. बाजारात त्याच धान्याला कितीतरी जास्त भाव. तुरुंगात जाऊन आलेला कार्यकर्ता गावात परतला की लोक त्याला विचारत, हेच का तुमचे स्वराज्य? त्याच्याकडे उत्तर नसे. त्यात मंत्रिमंडळात आणि पक्षाच्या समित्यांत बहुजन समाजाचा वाटा तुटपुंजा आहे, ही जुनी सल पुन्हा वर आली.

१९४६ च्या उत्तरार्धात जेधे मॅन्शनमध्ये काँग्रेसमधल्या नाराजांच्या बैठका सुरू झाल्या. केशवराव तेव्हा मुंबई प्रांतातून घटना समितीवर निवडून गेलेले होते. दिल्लीत राज्यघटना लिहिली जात असताना पुण्यात ते आपल्याच पक्षाविरुद्ध माणसे जमवत होते. त्यांच्याबरोबर होते शंकरराव मोरे, कुशाग्र बुद्धीचे वकील आणि पुढे पक्षाचे मुख्य विचारवंत. सोलापूरकडचे तुळशीदास जाधव, संगमनेरचे दत्ता देशमुख, नाना पाटील, कोल्हापूरचे माधवराव बागल. जातीने ब्राह्मण असलेले र. के. खाडिलकरही यात होते, हे मुद्दाम सांगायला हवे. महाडच्या वेळी घातलेली अट आता इतिहासजमा झाली होती. यशवंतराव चव्हाण या हालचालींच्या जवळ होते. त्यांची सहानुभूती या मंडळींकडे होती. पण त्यांनी काँग्रेस सोडली नाही. शेतकरी समाजाला सत्ता काँग्रेसच्या आत राहूनच मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या एका निर्णयाचे वजन पुढच्या पंधरा वर्षांत दिसून आले.

सुरुवात काँग्रेसच्या आतल्याच एका संघाने झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला काही दिवस उरले असताना, त्याला शेतकरी कामगार पक्ष हे नाव मिळाले. काही महिने हा पक्ष काँग्रेसच्या पोटातच राहिला. मग ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मेळ्यांच्या दिवसांत पेरलेले विष किती खोल होते, हे त्या आगीने दाखवले. त्यानंतर लगेच काँग्रेसने पक्षांतर्गत पक्ष चालणार नाही असा नियम केला. समाजवाद्यांनी मार्चमध्ये नाशिकला बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आणि जेधे-मोऱ्यांनीही काँग्रेस सोडली.

केशवरावांचे हे दुसरे स्थलांतर सर्वांत वेदनादायक असणार. अठरा वर्षे त्यांनी ज्या संघटनेला खेडी दाखवली, तिच्या विरोधात त्याच खेड्यांत सभा घ्यायच्या होत्या. लेव्हीविरुद्ध मोर्चे निघाले, सभांना गर्दी लोटली. सातारा, सोलापूर, कोल्हापूर, नगर, कुलाबा, नाशिक या पट्ट्यात पक्ष वेगाने पसरला. काँग्रेसला खेड्यात तोडीस तोड उत्तर देईल असा पक्ष महाराष्ट्रात पहिल्यांदाच उभा राहत होता.

मग पक्षापुढे प्रश्न आला की आपण नेमके कोण? जुनी ब्राह्मणेतर भाषा १९४८ नंतर वापरणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. मोऱ्यांनी वर्गाची भाषा आणली. १९५० मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला अधिवेशन भरले आणि तिथे मंजूर झालेल्या प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. दाभाडी प्रबंध हा मराठीतल्या राजकीय लेखनातला महत्त्वाचा ऐवज आहे. महाराष्ट्रातल्या शेतीचे, जमीनमालकीचे आणि भांडवलाचे विश्लेषण करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पण तो सभेला येणाऱ्या पाच-दहा एकरांच्या बागाइतदाराच्या गळी कसा उतरणार? त्याच्या शेतावर मजूर राबत होते. क्रांती झाली तर आपण कोणत्या बाजूला, हे त्याला कळेना. आणि खरे सांगायचे तर केशवरावांनाही ही भाषा कधी आपली वाटली नाही. ते माणसे जोडणारे, घरी जेवायला बसवून निर्णय घडवून आणणारे पुढारी. पोथीनिष्ठ वादविवाद त्यांच्या स्वभावात नव्हते. पक्षात आलेले कडवे मार्क्सवादी आणि मोरे यांच्यातही बेबनाव झाला. दत्ता देशमुखांसह एक गट बाहेर पडून कामगार किसान पक्ष झाला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना पक्ष फुटलेला होता.

निकाल व्हायचा तोच झाला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी काँग्रेसने २६९ जिंकल्या. शेकापच्या वाट्याला १४ आल्या. समाजवाद्यांना ९ मिळाल्या होत्या, म्हणजे विरोधकांत शेकाप पुढेच होता. शंकरराव मोरे सोलापुरातून लोकसभेत गेले. पण ज्या पक्षाच्या सभांनी मैदाने भरत होती, त्याला सत्तेच्या आसपासही जाता आले नाही. मते विखुरली आणि काँग्रेसच्या बैलजोडी या चिन्हामागे स्वातंत्र्याची पुण्याई होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत शेकापच्या पायाखालची जमीन आणखी सरकली. रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री असताना धान्यावरची नियंत्रणे सैल होत गेली आणि लेव्हीचा राग ओसरला. १९४८ चा कूळकायदा होताच. त्यात पुढे आणखी सुधारणा होणार हे दिसत होते. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला होता. कर्ज, खत, पाणी, कारखान्याचा परवाना या सगळ्या गोष्टी सरकारकडून यायच्या होत्या. विरोधात बसलेल्या गावपुढाऱ्याला याची झळ रोज बसत होती. त्याच्या बांधावरून कालवा जाणार की नाही, हे मुंबईत ठरत होते. आणि मुंबईत आता यशवंतराव चव्हाण मंत्री होते. त्यांनी जुन्या सोबत्यांसाठी दार कधीच लावून घेतले नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९५४ मध्ये केशवराव परतले. या निर्णयाला संधिसाधूपणा म्हणणे मला पटत नाही. साठीकडे झुकलेला, प्रकृतीने थकलेला माणूस कुठल्या पदासाठी गेला असेल, तर ते पद त्याला मिळाले नाही. ज्या तक्रारींवरून आपण बाहेर पडलो त्या कमी होत आहेत आणि ज्या पक्षाला जन्म दिला त्याची भाषा आपल्याला परकी झाली आहे, असे त्यांना वाटले असेल तर त्यात खोटे काही नव्हते. तरीही या पावलाला मी १९३० च्या बरोबरीचा मान देऊ शकत नाही. तेव्हा त्यांनी एका चळवळीला नवी दिशा दिली होती. आता ते एका पक्षाला त्याच्या पडत्या काळात सोडून गेले. तालुक्या-तालुक्यात लेव्हीच्या मोर्चात लाठ्या खाल्लेला, काँग्रेसवाल्यांनी वाळीत टाकलेला कार्यकर्ता होता. त्याला केशवरावांच्या या जाण्याने सांगून टाकले की ही वाट पुढे जात नाही. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने आवडी इथल्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि परतणाऱ्यांना तत्त्वाचा आधारही मिळाला. मोरे परतले. तुळशीदास जाधव परतले. पुढे खाडिलकरही गेले. शेकापमध्ये वर्गाची भाषा आणणारे मोरे १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले.

केशवरावांच्या आयुष्यात अजून एक वळण उरले होते आणि ते मला त्यांच्या स्वभावाचे सर्वांत खरे दर्शन वाटते. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मराठी भाषकांना मुंबईसह राज्य मिळत नव्हते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. महाराष्ट्र काँग्रेसचे पुढारी दिल्लीच्या आज्ञेपुढे अडखळत होते. अशा वेळी ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवरावांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सर्वपक्षीय सभेत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, शेकापचे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे लोक असे सगळे एका छताखाली बसवायचे होते. अध्यक्षस्थानी असा माणूस हवा होता की ज्याच्याविषयी कोणत्याच गटाला परकेपणा वाटणार नाही. ब्राह्मणेतर, काँग्रेसवाले, शेकापवाले या सगळ्यांबरोबर केशवराव कधी ना कधी एका ताटात जेवलेले होते. एरवी पक्ष बदलल्याबद्दल त्यांच्यावर टीका व्हायची. त्या दिवशी तेच पक्षबदल कामाला आले.

समिती वाढली, लढली. पण १९५७ च्या निवडणुकीला केशवराव उभे राहिले ते काँग्रेसच्या तिकिटावर, बारामतीतून. त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला जेमतेम निवडून आले. पुण्यात नानासाहेब गोऱ्यांनी काकासाहेब गाडगीळांना हरवले. साताऱ्यातून नाना पाटील कम्युनिस्टांचा लाल बावटा घेऊन लोकसभेत गेले. केशवराव मात्र निवडून आले. समितीच्या लाटेत काँग्रेसचा उमेदवार म्हणून तरून जाणे हे पक्षाचे कर्तृत्व नव्हते. बारामती-इंदापूर-पुरंदरच्या मतदाराने केशवराव जेध्यांना मत दिले. १९३० मध्ये गाडगीळांच्या साथीने काँग्रेसमध्ये गेलेला हा माणूस गाडगीळ हरले त्याच वर्षी जिंकला, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्या मैत्रीने काँग्रेसला जे मिळाले होते, ते आता खेड्यांत होते.

महाराष्ट्र राज्य पाहायला केशवराव राहिले नाहीत. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. सहा महिन्यांच्या आत राज्य आले आणि यशवंतराव त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. जेध्यांबरोबर काँग्रेस न सोडलेल्या चव्हाणांनी आता विरोधकांना एकेक करून आपल्यात घेण्याचे राजकारण पद्धतशीरपणे चालवले. लोक त्याला बेरजेचे राजकारण म्हणू लागले. शेतकरी समाजाला सत्तेत वाटा हवा, ही जेध्यांची मागणी पुरी झाली. जिल्हा परिषदा, सहकारी बँका, साखर कारखाने यांवर बहुजन समाजातली, मुख्यतः मराठा समाजातली नवी नेतृत्वे बसली. कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर आणि दलित मात्र या बेरजेत कडेलाच राहिले. त्यांच्या बाजूने उभा राहू शकेल असा ग्रामीण विरोधी पक्ष १९४८ मध्ये महाराष्ट्राकडे होता. त्याच्या संस्थापकांनीच एकामागून एक त्याला सोडल्यामुळे तो रायगड, सांगोला अशा काही बालेकिल्ल्यांपुरता उरला. जे राहिले ते मात्र निष्ठेने राहिले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून तब्बल अकरा वेळा शेकापचे आमदार म्हणून निवडून आले, एन. डी. पाटलांनी आयुष्यभर लाल झेंडा खाली ठेवला नाही. या माणसांकडे पाहिले की केशवरावांनी सोडून दिलेल्या शक्यतेची लांबी-रुंदी कळते.

केशवरावांच्या जागेवरची पोटनिवडणूक १९६० मध्ये झाली. काँग्रेसने केशवरावांचे वारस असलेल्या गुलाबराव जेध्यांना उभे केले. शेकापने उमेदवारी दिली वसंतराव पवारांना. काटेवाडीचे हे पवार घराणे शेकापचे. आई शारदाबाई १९३८ सालीच पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेल्या. पण घरातला एक मुलगा, शरद, काँग्रेसकडे ओढला गेला होता आणि त्याने सख्ख्या थोरल्या भावाविरुद्ध जेध्यांचा प्रचार केला. ही हकीकत शरद पवारांनी आपल्या ‘लोक माझे सांगाती’ या आत्मकथेत सांगितली आहे. एकाच घरात शेकाप आणि काँग्रेस समोरासमोर बसले होते, तसेच ते त्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या शेकडो घरांत बसलेले असणार. गुलाबराव जिंकले, १९६२ मध्ये पुन्हा जिंकले. त्यानंतर १९६७ मध्ये बारामतीतून काँग्रेसचे खासदार झाले तुळशीदास जाधव आणि १९७१ मध्ये र. के. खाडिलकर. १९५७ पासून १९७१ पर्यंतच्या निवडणुकांत हा मतदारसंघ शेकापच्या संस्थापकांनी किंवा त्यांच्या वारसांनी राखला, आणि या सगळ्या निवडणुकांत ते काँग्रेसचे उमेदवार होते.